ओट्यामागची भिंत: डॅडोला काय लावायचं, कसं ठरवायचं

फ्लॅटचा ताबा मिळाला की पहिले पंधरा दिवस ट्रॉल्यांच्या रंगात जातात. हँडल सोनेरी की काळं, चिमणी सरळ की तिरकी, यावर घरात मतदान होतं. मग एका संध्याकाळी मिस्त्रीचा फोन येतो, "ताई, डॅडोला काय टाकायचं? उद्या माल लागेल." आणि पुढची दहा-पंधरा वर्षं रोज डोळ्यांसमोर असणारी भिंत आपण दुकान बंद व्हायच्या आत, तासाभरात ठरवून मोकळे होतो.

पहिल्या घरी मी हेच केलं. पांढरी, मॅट, हाताला किंचित खडबडीत लागणारी टाइल घेतली. दुकानातल्या दिव्याखाली ती फार देखणी दिसत होती. तिसऱ्या आठवड्यात कुकरच्या शिट्टीबरोबर डाळीचं पिवळं पाणी उडालं आणि खडबडीत पृष्ठभागाच्या प्रत्येक खळग्यात हळद जाऊन बसली. आठ वर्षं मी ती भिंत जुन्या टूथब्रशने घासली. दुसऱ्या घराच्या वेळी शहाणी झाले होते, आणि नंतर बहिणीचं, नणंदेचं आणि शेजारच्या दोघांचं स्वयंपाकघर होताना मध्ये मध्ये नाक खुपसलं. त्यातून जे कळलं ते हे.

डॅडो म्हणजे ओट्याच्या वर, भिंतीवर जे आवरण लावतात ते. पाणी, तेल, वाफ आणि फोडणीचे शिंतोडे भिंतीत मुरू नयेत हे त्याचं काम. आपल्याकडे ते अवघड काम आहे. उकडून, भाजून जेवणाऱ्या घरातली भिंत आणि रोज मोहरी तडतडणाऱ्या घरातली भिंत यांचं नशीब एक नसतं. त्यामुळे इंटरनेटवर दिसणारी परदेशी स्वयंपाकघरं बघताना आधी विचारा, इथे कुणी पापलेट तळलंय का?

पहिली पायरी: भिंत एक नाही, तीन आहेत

ओट्यासमोर उभं राहा आणि भिंतीचे मनातल्या मनात तीन तुकडे करा.

गॅसमागचे साधारण तीन फूट. इथे उष्णता, तेल आणि हळद तिन्ही एकत्र येतात. मोठं पातेलं किंवा कढई मागच्या बर्नरवर ठेवली की भिंतीला जवळजवळ टेकते, हे लक्षात ठेवा. गॅस कोपऱ्यात असेल तर बाजूची भिंतही याच तुकड्यात धरायची. ती हमखास विसरली जाते.

सिंकमागचे दोन-अडीच फूट. इथे तेल कमी, पाणी जास्त. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर थेंब वाळून पांढरे क्षार बसतात. गडद रंगावर ते राखेसारखे दिसतात.

उरलेली मधली भिंत. इथे पोळ्यांचं पीठ उडतं, मिक्सरचं झाकण निसटलं तर चटणी उडते, एवढंच. हौस करायची असेल तर इथे करा.

माझं सगळं म्हणणं या तुकड्यांवर बेतलेलं आहे. जे काही निवडाल ते गॅसमागच्या तीन फुटांसाठी निवडा. तिथे टिकलं तर बाकीच्या भिंतीवर टिकेलच. उलट केलंत, म्हणजे मधल्या भिंतीवर शोभतं म्हणून घेतलंत, तर टूथब्रश तयार ठेवा.

दुसरी पायरी: माप

ओट्यापासून वरच्या कपाटाच्या तळापर्यंत बहुधा दोन फूट असतात. ओटा दहा फूट लांब असेल तर वीस चौरस फूट झाले. त्यात खिडकीचे कोपरे आणि बाजूच्या भिंतीचे तुकडे मिळवा. गॅसच्या वर कपाट नसतं, चिमणी असते. शेगडीपासून तिचं अंतर तिच्या पुस्तिकेत दिलेलं असतं, बहुधा २६ ते ३० इंच. डॅडो तिथे दोन फुटांवर थांबवू नका, चिमणीच्या मागे वरपर्यंत जाऊ द्या. नाहीतर टाइल संपते तिथून चिमणीपर्यंतचा रंगवलेला पट्टा वर्षभरात मधाच्या रंगाचा होतो, आणि तो कितीही पुसला तरी चिकटच राहतो.

बिल्डरने आधीच दोन फुटी डॅडो दिला असेल तर तो फोडलाच पाहिजे असं नाही. जुन्या टाइल्स घट्ट असतील तर त्यांच्यावर अॅडेसिव्हने नव्या बसवता येतात. फोडाफोडीचा धुरळा आणि राडारोडा वाचतो. मात्र भिंत अर्धा-पाऊण इंच पुढे येते. त्यामुळे नळाला मागे जोड लावावा लागतो, स्विचबोर्डाच्या डब्या खोल जातात आणि ओट्याची रुंदी तेवढी कमी होते. आधी एक रुपयाचं नाणं घेऊन जुन्या टाइल्स वाजवून बघा. भरीव टकटक आली तर ठीक. पोकळ, डब्यासारखा आवाज आला तर ती टाइल काढा.

तिसरी पायरी: मागे काय आहे ते बघा

हे कंटाळवाणं काम आहे, पण इथे चूक झाली तर वर लावलेली महागडी वस्तू वाया जाते.

भिंतीत ओल आहे का? बाहेरच्या बाजूची भिंत असेल आणि पावसाळ्यात तिला पोपडे सुटत असतील तर डॅडोने ते झाकतं, थांबत नाही. पलीकडे बाथरूम असेल तर जास्तच सावध. आधी गळती शोधा.

गिलावा कशाचा आहे? मुंबई-पुण्याच्या नव्या इमारतींत आतून सर्रास जिप्समचा गिलावा असतो. गुळगुळीत, छान. पण जिप्समवर सिमेंटने टाइल बसवली तर दोघांचं जमत नाही. ओल लागली की मधला थर फुगतो आणि टाइल सुटते. ओळखायचं कसं? नखाने किंवा किल्लीने कोरा. पांढरी भुकटी सहज निघाली तर जिप्सम. डॅडोच्या भागातलं जिप्सम काढून तिथे वाळू-सिमेंटचा गिलावा करून घ्यायचा. मिस्त्री म्हणेल, "काही होत नाही हो, टाचे मारून, म्हणजे छिन्नीने खाचा पाडून घेतो." टाचे मारून भागत नाही.

आणि तिसरं, वीज. मिक्सर, पाण्याचा फिल्टर, मायक्रोवेव्ह, इंडक्शन, चिमणी, कधीतरी लागणारा हँड ब्लेंडर, सगळं कागदावर लिहा आणि कोणतं कुठे ते ठरवून टाका. इंडक्शन आणि ओव्हनला १६ अँपिअरचा पॉइंट लागतो. शेगडीच्या मागे आणि सिंकच्या डोक्यावर सॉकेट नको. हे टाइल लावायच्या आधी झालं पाहिजे. काच लावणार असाल तर अक्षरशः मिलिमीटरपर्यंत पक्कं झालं पाहिजे. कारण पुढे येतंच.

चौथी पायरी: फोडणीची परीक्षा

दुकानात पसंत पडलेल्या दोन-तीन वस्तूंचे नमुने मागा. एक टाइल, ग्रॅनाईटचा किंवा क्वार्ट्झचा तळहाताएवढा तुकडा. बरेच दुकानदार देतात. न देणाऱ्याला एका टाइलचे पैसे द्या, ते पुढच्या खर्चापुढे काहीच नाहीत.

घरी आल्यावर चमचाभर तेल तापवा, त्यात हळद आणि लाल तिखट घाला आणि नमुन्याच्या एका बाजूला ओता. दुसऱ्या बाजूला लिंबाची फोड उपडी ठेवा. रात्रभर राहू द्या. सकाळी भांड्यांचा साबण आणि मऊ घासणी, बाकी काही नाही.

मी बहिणीच्या घरासाठी पाच नमुने असे ओट्यावर मांडले होते. तिच्या सासूबाईंना वाटलं, काहीतरी पूजा आहे. सकाळी निकाल असा लागला: चकचकीत सिरॅमिक एका पुसण्यात कोरी. मॅट टाइलवर पिवळी झाक, तिरकं धरलं तरच दिसणारी, पण होती. फिक्या ग्रॅनाईटवर तेलाचा गडद ठिपका, कारण तो सीलर, म्हणजे दगडाची छिद्रं बुजवणारा द्रव, न लावलेला तुकडा होता. काळ्या कडप्प्यावर लिंबाचा पांढुरका गोल. आणि संगमरवरावर हळदही राहिली होती आणि लिंबाखालची झिलईही गेली होती. म्हणजे दोन्ही विषयांत नापास.

हळदीचं थोडं सांगते, कारण आपल्या भिंतींचा मुख्य शत्रू तीच. तिचा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, तेलात विरघळतो. म्हणून फोडणीतली हळद नुसत्या हळदीपेक्षा चिवट. तिला अल्कली, म्हणजे चुना-सोड्याच्या जातीचं काही, लागलं की ती लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणावर. सिमेंटही त्याच जातीचं. त्यामुळे नव्या पांढऱ्या सांध्यावर हळद उडली की तिथे नारिंगी-लाल ओरखडा उमटतो, आणि वर खायचा सोडा चोळला की तो आणखी भडकतो. कपड्यावरचा हळदीचा डाग उन्हात उडतो हे आपण सगळे जाणतो. पण ओट्यामागे ऊन येत नाही.

पाचवी पायरी: वस्तूंची ओळखपरेड

*टाइल.* दहातल्या आठ घरांनी हीच लावावी असं माझं मत आहे. दोन जाती लक्षात ठेवा. सिरॅमिक वॉल टाइल हलकी, सच्छिद्र अंगाची, वरून झिलई दिलेली. व्हिट्रिफाइड जास्त तापमानाला भाजलेली, दाट. तिचं पाणी शोषणं अर्ध्या टक्क्याच्या आत. सिरॅमिक वॉल टाइल वजनाच्या दहा टक्क्यांहूनही जास्त पाणी पिते. विक्रेता काहीही म्हणो, टाइल उलटी करा आणि पाठीवर पाण्याचे दोन थेंब टाका. लगेच जिरले तर सिरॅमिक, मोत्यासारखे बसून राहिले तर व्हिट्रिफाइड.

भिंतीला व्हिट्रिफाइडच हवी का? नाही. भिंतीवर कुणी चालत नाही, आणि डाग अडवते ती वरची झिलई. चांगल्या झिलईची चकचकीत सिरॅमिक टाइल ओट्यामागे उत्तम चालते आणि सगळ्यांत स्वस्त पडते. व्हिट्रिफाइड घ्यायची ती मोठ्या आकारासाठी, कारण मोठ्या टाइलला सांधे कमी. देशातला बहुतेक माल गुजरातेतल्या मोरबीहून येतो. त्यामुळे नाव मोठं असो की छोटं, आधी माल बघा. चार टाइल्स जमिनीवर कडेला कडा लावून ठेवा आणि त्यांच्यात फट किंवा उंचसखलपणा दिसतो का ते पाहा.

पृष्ठभाग चकचकीत किंवा रेशमी, पण हाताला गुळगुळीत. नख फिरवून बघा, नख अडखळलं तर तेलही तिथे अडखळणार. थ्रीडी, लाटांच्या, दगडी चिऱ्यांसारख्या टाइल्स टीव्हीमागे लावा. आणि फळांची टोपली, वाफाळता कप, जांभळी द्राक्षं असलेल्या हायलाइटर टाइल्सबद्दल मी काही बोलणार नाही. आमच्या आईच्या भिंतीवर वीस वर्षं एक किटली वाफाळते आहे आणि तिला ती आवडते.

*ग्रॅनाईट.* ओट्याचाच ग्रॅनाईट भिंतीवर चढवणं ही जुनी, भक्कम पद्धत. उष्णतेला दाद देत नाही, लिंबा-चिंचेने बिघडत नाही, सांधे जवळजवळ नाहीतच. काळा ग्रॅनाईट डाग दाखवत नाही, पण तेलाचा पापुद्रा आणि पाण्याचे क्षार दाखवतो, आणि उत्तरेकडच्या अंधाऱ्या स्वयंपाकघराची गुहा करतो. फिका घेतलात तर सीलर लावून घ्या, दर दोन-तीन वर्षांनी परत. ओट्याचा दगड कापताना उरणाऱ्या पट्ट्यांतून चार इंची कडा आणि गॅसमागचा एक उभा तुकडा बऱ्याचदा निघतो. दगडवाल्याला आधीच सांगा, म्हणजे कापणी तशी करेल.

*क्वार्ट्झ.* दिसायला सुंदर, एकसारखा, डाग धरत नाही. पण तो डोंगरातून निघालेला अखंड दगड नव्हे. साधारण नव्वद टक्के क्वार्ट्झचा चुरा आणि बाकी रेझिन, म्हणजे तो चुरा धरून ठेवणारी कृत्रिम राळ. रेझिनला उष्णता सोसत नाही. गॅसच्या ज्वाळेजवळ, कढईच्या झळेत तो पिवळा पडू शकतो, तडकू शकतो. इंडक्शनवरच स्वयंपाक करणाऱ्यांनी खुशाल लावावा. गॅसवाल्यांनी त्या तीन फुटांत लावू नये. आणखी एक गोष्ट: तो कापताना उडणारी सिलिकाची धूळ कारागिरांच्या फुप्फुसांचा घात करते. याच कारणाने ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदी घातली. आपल्याकडे वापरणारच असाल तर निदान कापणी कारखान्यात, पाणी सोडून करायला सांगा. घराच्या बाल्कनीत ग्राइंडर लावून नव्हे.

*कडप्पा, कोटा, संगमरवर.* तिन्ही कॅल्शियमच्या कुळातले, आंबट लागलं की खरवडले जातात. लिंबू, चिंच, कोकम, टोमॅटो, ताक; आपल्या ओट्यावर यातलं काय नसतं? जुन्या वाड्यांतल्या कडप्प्याच्या मांडण्या मला फार आवडतात. पण डॅडोसाठी नको.

*काच.* हिच्यावर जरा थांबू, कारण मॉड्युलर किचनवाले हिलाच पुढे करतात आणि अर्धंच सांगतात.

मागच्या बाजूने रंग दिलेली काच म्हणजे एकही सांधा नसलेली भिंत. फडकं मारलं की झालं. छोट्या स्वयंपाकघरात उजेड दुप्पट वाटतो. दुसऱ्या घरी मी गॅसमागे हीच लावली आणि सहा वर्षं खूश आहे. पण अटी आहेत.

एक, गॅसमागे टफन केलेलीच, म्हणजे भट्टीत तापवून कणखर केलेलीच काच हवी. बाजारात तयार मिळणारी रंगीत लॅकर्ड काच बहुतेक वेळा टफन नसते. मोठ्या कढईची झळ एका जागी लागली की ती तडकू शकते. आधी काच टफन करायची, मग मागून रंग, असा क्रम असतो. टफन काचेच्या कोपऱ्यात बहुधा बारीक मोहोर असते, ती दाखवायला सांगा. दोन, टफन झाल्यावर काच कापता येत नाही, भोक पाडता येत नाही. प्रयत्न केला तर सगळी काच चुरमुऱ्यांसारखी बारीक तुकड्यांत कोसळते. म्हणून सॉकेटची भोकं आधीच, मोजून. माझ्या काचेच्या मापात एका सॉकेटची जागा तीन मिलिमीटरने चुकली होती. काच बदलण्यापेक्षा भिंतीतली डबी सरकवणं सोपं पडलं, आणि इलेक्ट्रिशियनने ते करताना जे पुटपुटलं ते मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तीन, साध्या काचेत हिरवट झाक असते. पांढरा किंवा फिका रंग हवा असेल तर एक्स्ट्रा क्लिअर काच मागा, नाहीतर पांढऱ्याचा पिस्ता होतो. चार, चिकटवायला न्यूट्रल सिलिकॉन. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन मागचा रंग खातं.

सहा मिलिमीटर जाडी घरगुती कामाला सहसा पुरते. भिंत मात्र ओळंब्यात, सपाट हवी. काचेला वाकडी भिंत सांभाळून घेता येत नाही, टाइलला थोडीफार येते.

*स्टेनलेस स्टील.* हॉटेलांच्या भटारखान्यात असतं, आणि उगाच नसतं. आग, तेल, पाणी सगळं सोसतं. घरात मात्र बोटांचे ठसे आणि तारेच्या घासणीचे ओरखडे दिसतात. घ्यायचं तर ३०४ ग्रेड, ब्रश फिनिशचं, आणि फक्त गॅसमागे. कोकणात, गोव्यात समुद्राजवळ घर असेल तर खाऱ्या हवेने ३०४ वरही तांबूस ठिपके पडतात. तिथे ३१६ लागतं किंवा सरळ टाइल.

*एसीपी शीट, पीव्हीसी पॅनेल, चिकटवायचे फॉइल.* गॅसमागे नाही. एसीपीच्या दोन अॅल्युमिनियम पत्र्यांमध्ये बहुधा प्लास्टिकचा गाभा असतो, तो जळतो. पीव्हीसी झळेने मऊ पडून वाकतं. फॉइलचा गोंद सुटतो आणि त्याच्या मागे झुरळं संसार थाटतात. भाड्याचं घर असेल आणि मालक भिंतीला हात लावू देत नसेल तर गॅसमागे स्टीलचा सुटा पत्रा टेकवून ठेवा. घर सोडताना बरोबर नेता येतो.

*ऑइल पेंट.* आजोळी होता. दर दिवाळीला नवा हात मारायचे. तेवढी हौस असेल तर जरूर.

सहावी पायरी: सांध्यांचा हिशेब

टाइल घाण होत नाही, सांधा घाण होतो. तरी सगळे टाइलवर दोन तास घालवतात आणि सांध्यावर दोन मिनिटं.

दहा फूट लांब, दोन फूट उंच भिंत घ्या. तिच्यावर हल्ली आवडीने लावतात त्या तीन बाय सहा इंची, विटांसारख्या सबवे टाइल्स लावल्या तर आडव्या सांध्यांच्या सात ओळी, प्रत्येकी दहा फूट, म्हणजे सत्तर फूट. उभे सांधे मिळून आणखी अडतीस-एकोणचाळीस. एकूण १०८ फुटांच्या वर. त्याच भिंतीवर एक बाय दोन फुटी टाइल आडवी लावली तर एकूण सांधा अठरा फूट. आणि दोन बाय चार फुटी आडवी लावली तर फक्त दोन उभे सांधे, चार फूट. टूथब्रशने घासायचं अंतर १०८ फूट की चार फूट, हे ज्याला घासायचं आहे त्याने ठरवावं. घरात घासणारी व्यक्ती एक आणि टाइल पसंत करणारी दुसरी, असं असेल तर दोघांना एकत्र दुकानात न्या.

सबवे टाइल्स आवडतच असतील तर मधल्या भिंतीवर लावा आणि गॅसमागे एकच मोठा तुकडा द्या.

सांध्यात काय भरायचं? साधं सिमेंट ग्राउट स्वस्त, भरायला सोपं, पण तेल आणि हळद पितं. इपॉक्सी, म्हणजे रेझिनचं ग्राउट महाग, पण पाणी, तेल काही शोषत नाही. वीस चौरस फुटांत फरक फार मोठा नसतो, म्हणून किमान गॅस आणि सिंकमागे इपॉक्सीच घ्या. ते भरणं मात्र हातखंड्याचं काम आहे. दोन-तीन भाग एकत्र कालवल्यावर ते भरभर घट्ट होतं. टाइलवर राहिलेला पातळ थर तेव्हाच पुसला नाही तर कायमची धुरकट झाक राहते. एका वेळी थोडंच कालवायला सांगा. रंग टाइलपेक्षा अर्धी छटा गडद, राखाडी किंवा बदामी. पांढरा शुभ्र नको, मी सांगून ठेवते.

ओटा आणि डॅडो जिथे मिळतात त्या कोपऱ्यात ग्राउट नाही, सिलिकॉन सीलंट. ओटा किंचित हलतो, ग्राउट तिथे तडकतं, पाणी आत जातं आणि खालच्या ट्रॉल्या फुगतात.

सातवी पायरी: खरेदी आणि बसवणं

क्षेत्रफळात दहा टक्के जास्त धरा, मोठ्या टाइल्स किंवा तिरकी मांडणी असेल तर पंधरा. सगळी खोकी एकाच बॅचची आणि शेडची आहेत का, ते खोक्यावरचे आकडे वाचून स्वतः बघा. दोन बॅचमधला फरक दुकानात दिसत नाही, भिंतीवर दिवा पडला की दिसतो. बोललेला भाव करासकट की करावेगळा, आणि गाडीभाडं व हमाली कुणाची, हे बिलाच्या आधी विचारा.

बसवताना निदान पहिले दोन तास तिथे थांबा. सिमेंटने सिरॅमिक बसवणार असतील तर टाइल्स आधी पाण्यात भिजवलेल्या हव्यात. अॅडेसिव्ह असेल तर भिजवायच्या नाहीत. व्हिट्रिफाइडला अॅडेसिव्हच हवं, कारण ती सिमेंट धरत नाही. घाईत असलेला गवंडी टाइलच्या पाठीवर मालाचे पाच गोळे लावतो आणि भिंतीवर दाबतो. चार कोपरे पोकळ राहतात, आणि पुढे खिळा-ड्रिल लागलं की नेमका कोपरा फुटतो. दातेरी थापीने पूर्ण पाठीवर माल पसरलेला हवा. स्पेसर, म्हणजे सांधे सारखे राहावेत म्हणून टाइल्समध्ये ठेवायचे प्लास्टिकचे तुकडे, दोन किंवा तीन मिलिमीटरचे, सगळीकडे सारखे.

अर्धी टाइल कुठे येणार हेही आधी विचारा. मिस्त्री सहसा एका टोकापासून सुरू करतो आणि दुसऱ्या टोकाला दोन इंचाची चिंधी उरते. गॅसच्या मध्यापासून दोन्हीकडे गेलं तर कापलेले तुकडे कोपऱ्यात, डब्यांच्या मागे जातात.

मोकळ्या कडांना, खिडकीपाशी वगैरे, स्टीलची किंवा अॅल्युमिनियमची पट्टी लावा, नाहीतर पोळ्या लाटताना बांगडी त्या कडेला लागून टवके उडतात. दुसऱ्या दिवशी तेच एक रुपयाचं नाणं घेऊन सगळी भिंत वाजवा. पोकळ वाजणाऱ्या टाइल्सवर पेन्सिलीने फुली मारा आणि मिस्त्रीचा शेवटचा हप्ता द्यायच्या आधी त्या बदलून घ्या. सिमेंटचं ग्राउट असेल तर पहिले तीन-चार दिवस गॅस पेटवायची घाई करू नका. दूध उतू घालायचंच असेल तर इंडक्शनवर घाला.

उरलेल्या टाइल्स गवंडी "मी घेऊन जातो" म्हणेल. देऊ नका. चार-पाच टाइल्स, ग्राउटचा रंगक्रमांक आणि बिलाची झेरॉक्स जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर टाका. आमच्याकडे दोन वर्षांनी फिल्टर बसवायला आलेल्या मुलाने भलत्याच ठिकाणी ड्रिल लावलं आणि सिंकमागची टाइल उभी चिरली. दुकानात गेले तर ते डिझाइन कधीच बंद झालं होतं. माळ्यावरचं गाठोडं उतरवलं, त्यातली एक लावली, आणि आता तीन उरल्या आहेत.